कवा बंद पडती?

फलटणहून लोणंदकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून पत्र्याची एक शेड आहे. सकाळी डेअरीला दूध घालून परतणाऱ्यांच्या मोटरसायकली तिथे ओळीने लागतात. कॅन अडकवायचे लोखंडी हूक, टाकीवर रेक्झिनचं कव्हर, मडगार्डवर वाळलेला चिखल. ‘मिस्त्री, गाडी चालू होईना,’ असं गिऱ्हाईक म्हणतं, तेव्हा मिस्त्री पान्याला हात लावत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कवा बंद पडती?’

गिऱ्हाईक गोंधळतं. बंद पडते ती पडते, त्यात केव्हाचं काय? पण मिस्त्री पिच्छा सोडत नाहीत. सकाळी थंड असताना छळते का गरम झाल्यावर? उभी असताना मरते का पळताना? रेस सोडली की जाते का रेस दिली की? चावी फिरवल्यासारखी एकदम गप्प होते का आचके देत देत? पाऊस लागल्यापासून सुरू झालं का पेट्रोल भरल्यापासून? आणि शेवटी, ‘आधी कुणी खोलली हुती का?’ या शेवटच्या प्रश्नाला खरं उत्तर मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

फलटण, पुणे आणि चिपळूण इथल्या गॅरेजांत बसून जे पाहिलं, त्यावरून माझं ठाम मत झालं आहे. बिघाड शोधण्याचं निम्मं काम गाडी खोलण्याआधीच होतं, आणि गिऱ्हाइकाचे पैसे वाया जातात ते हे निम्मं काम टाळल्यामुळे. प्लग बदलला, फरक नाही. कॉइल बदलली, फरक नाही. मग कार्बोरेटरच नवा घातला, आणि गाडी चार दिवसांनी पुन्हा त्याच वळणावर बंद. देशात नोंदलेल्या दर चार वाहनांतली जवळपास तीन दुचाकी आहेत. दूध, भाजी, शाळेतली पोरं, सलाईन लावायला निघालेली म्हातारी माणसं, सगळं या दोन चाकांवर चालतं. त्यामुळे गाडी का बंद पडते हे शोधायची रीत हा काही केवळ हौशी लोकांचा विषय नाही.

इंजिनाच्या गरजा तशा मोजक्याच. पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणात हवी, ते मिश्रण दाबून धरणारं कॉम्प्रेशन हवं आणि नेमक्या क्षणी ठिणगी पडायला हवी. ठिणगीला गॅरेजात सगळे करंट म्हणतात. स्प्लेंडरचं इंजिन स्लोला मिनिटाला साधारण १४०० फेरे घेतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा मिश्रण पेटतं. म्हणजे गाडी नुसती उभ्या उभ्या चालू ठेवायची तरी हे सगळं मिनिटाला सातशे वेळा बिनचूक जुळून यावं लागतं. ते इतक्या वेळा जुळतं याचंच खरं तर नवल वाटायला हवं. १८८५ मध्ये जर्मनीत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्याची दुचाकी चालवली तेव्हा ठिणगीच नव्हती. सिलिंडरमध्ये खोचलेली एक नळी बाहेरून ज्योतीने लाल तापवायची आणि तिच्यामुळे मिश्रण पेटायचं. बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग यांची जोडी सिद्ध केली, तेव्हापासून आजच्या प्लगचा वंश सुरू होतो.

आपल्याकडे जुन्या बुलेटच्या मालकांना हे सगळं अंगवळणी पडलेलं होतं. पॉइंटवाल्या बुलेटला किक मारायचा एक क्रम असे. चावी लावून किक हळूहळू दाबत न्यायची, अँपिअर मीटरचा काटा मध्यावर येतो तिथे थांबायचं, डीकॉम्प्रेसरची कळ दाबून किक किंचित पुढे सरकवायची, कळ सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि मग पुरत्या ताकदीने एकच किक. काटा मध्यावर आला म्हणजे पॉइंट उघडले आणि पिस्टन वर आला. हा क्रम चुकला तर किक उलटी बसून पायाची नडगी सुजायची. राजदूत, येझदी, आरएक्स १०० चालवणारे टूलबॉक्समध्ये प्लग पाना आणि जादा प्लग बाळगत, कारण टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइल जळतं आणि त्याच्या काजळीने प्लग मरतो. ही माणसं मेकॅनिक नव्हती, पण गाडी रस्त्यात थांबली तर काय पाहायचं हे त्यांना ठाऊक होतं. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली. या गाड्या इतक्या भरवशाच्या निघाल्या की मालकाला टूलबॉक्स उघडायची गरजच उरली नाही. हे चांगलंच झालं. फक्त गाडी थांबली की घाबरं व्हायचं, हे त्याबरोबर आलं.

म्हणून आधी सगळ्यात साध्या गोष्टी. हँडलवरचं लाल बटण बंद आहे का? पुण्यात कॉलेजच्या वाटेवरच्या गॅरेजात ढकलत आणलेल्या गाड्यांत हे हमखास असतं. पार्किंगमध्ये कुणीतरी गंमत म्हणून बटण दाबून जातं आणि गाडीवाला किक मारून घामाघूम होतो. साइड स्टँड खाली असेल तर अनेक नव्या गाड्या गिअर टाकताच बंद होतात, काही चालूच होत नाहीत. त्या स्विचमध्ये चिखल बसला असेल तर स्टँड वर असूनही गाडीला तो खालीच आहे असं वाटतं. गाडी गिअरमध्ये असेल तर काही गाड्यांना क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. पेट्रोलचा कॉक बंद आहे का, गाडी रिझर्व्हला आली आहे का, हे टाकी हलवून आवाज ऐकला तरी कळतं. मग फ्यूज. एवढं पाहायला दोन मिनिटं पुरतात. फलटणच्या शेडमधले मिस्त्री अशा कामाचे पैसे घेत नाहीत, पण बटण कुठे आहे ते गिऱ्हाइकाकडूनच दाबून घेतात.

यानंतर प्लग. कॅप उपसून, आजूबाजूची माती फुंकून मगच पाना लावायचा, नाहीतर ती माती सरळ सिलिंडरमध्ये पडते. प्लग बाहेर आला की त्याचं टोक बघण्यात मिस्त्री जो वेळ घालवतात, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. टोक फिकट चॉकलेटी असेल तर आत सगळं ठीक जळतं आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त पडतं आहे किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. पांढरंफटक असेल तर पेट्रोल कमी, हवा जास्त, इंजिन गरम. तेलकट काळं असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं बघावी लागतील. आणि टोक पेट्रोलने ओलंचिंब असेल तर पेट्रोल पोहोचतं आहे, पण पेटत नाही. मग अर्धा तपास तिथेच संपला, कार्बोरेटर खोलायचं कारण उरलं नाही. उलट भरपूर किक मारूनही प्लग ठणठणीत कोरडा असेल तर करंट शोधण्यात अर्थ नाही, पेट्रोलच्या वाटेने जायचं.

करंट पाहायची रीत जुनीच आहे. प्लग कॅपमध्ये परत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या हेडला घट्ट टेकवायचा आणि किक मारायची. निळी, कडक, टक-टक आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट, बारीक, मधूनच पडणारी असेल तर ती कामाची नाही. प्लग हवेत लोंबता ठेवून किक मारली तर ठिणगीचा क्षण ठरवणाऱ्या सीडीआयवर आणि कॉइलवर ताण येतो, म्हणून तो नीट टेकलेला हवा. प्लगच्या भोकातून किकबरोबर पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून ठिणगी त्या भोकापासून लांब पाडायची. शेडमध्ये विडी ओढत बसलेल्या माणसाला आधी बाहेर काढलं जातं. हातात प्लग धरून बघायची मर्दुमकी काही जण करतात. ती करू नये, झटका हजारो व्होल्टचा असतो.

इथे एक बारकावा आहे आणि तो न कळल्यामुळे पुष्कळ चुकीचे निष्कर्ष निघतात. बाहेर मोकळ्या हवेत ठिणगी पडणं सोपं असतं. आत दाबलेल्या मिश्रणात तीच ठिणगी पाडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे ‘करंट आहे’ म्हणून कॉइल सोडून द्यायची नसते. ठिणगी कशी आहे ते बघायचं असतं. प्लगची गॅप मॉडेलप्रमाणे ०.६ ते ०.९ मिलिमीटरच्या आसपास असते, ती झिजून वाढली की थंड इंजिन पकडत नाही. पावसाळ्यात कॅपमध्ये पाणी जातं, वायरचं टोक हिरवं पडतं. कॅप वायरवरून फिरवून काढायची, वायरचा सडलेला अर्धा सेंटिमीटर कापायचा, कॅप परत फिरवून बसवायची. पुण्यात नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. तिथल्या काउंटरवर मिस्त्री लोक प्लग हातात घेऊन त्यावरची अक्षरं, आटे आणि पेटीवरचं छापकाम निरखून बघतात, कारण नकली माल अस्सल पेटीत येतो. नवा घातलेला भाग चांगलाच असणार, हे गृहीत धरायचं नाही.

आता कार्बोरेटर. ‘स्लोला उभी राहीना, रेस दिली की पळती’ ही तक्रार फलटणच्या त्या शेडमध्ये बहुधा सगळ्यात जास्त येते. तिचं कारण बहुतेक वेळा पायलट जेटमध्ये असतं. मिस्त्री कार्बोरेटरची खालची वाटी काढून त्यातलं पेट्रोल स्टीलच्या ताटलीत ओततात आणि ताटली उन्हात तिरकी धरतात. पेट्रोल ताटलीभर पसरतं आणि पाणी असेल तर त्याचे गोल मणी खाली घरंगळताना दिसतात. त्यांच्याबरोबर गंजाची तांबूस पूड. मग पायलट जेट काढून उजेडाकडे धरायचा. त्याचं भोक साधारण ०.३५ मिलिमीटर. नजर सरावलेली नसेल तर ते दिसतसुद्धा नाही. त्यात एक कण अडकला की स्लोचं पेट्रोल बंद. रेस दिली की मेन जेटमधून पेट्रोल मिळतं म्हणून गाडी पळते. चोक ओढला की चालते आणि सोडला की मरते, हेही याच दुखण्याचं लक्षण; नाहीतर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला चीर पडून तिथून जादा हवा जाते आहे.

अनेक ठिकाणी जेट साफ करायला केबलच्या सुटलेल्या तारेचा तुकडा घालतात. जेट पितळेचा, तार पोलादी. भोक किंचित मोठं होतं, गाडी लगेच चालू होते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि पुढच्या महिन्यात ‘अॅव्हरेज पडलं’ म्हणून परत येतं. मोठं झालेलं भोक कुणालाच बारीक करता येत नाही. क्लीनरचा फवारा आणि हवा, एवढ्यावर जेट साफ होत नसेल तर तो बदलावा. स्लोचा स्क्रू पिळून वाढवणं हाही असाच उपाय. गाडी बंद पडायची थांबते, बिघाड तसाच राहतो आणि सिग्नलला इंजिन बोंबलत उभं राहतं.

वाटीतलं पाणी येतं कुठून? काही टाकीच्या झाकणातून, काही गाडी धुताना मारलेल्या पाण्याच्या झोताने. आणि आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. याच फलटण-बारामतीच्या पट्ट्यातल्या उसापासून बनलेलं इथेनॉल याच गाड्यांच्या टाकीत येतं. २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल निवडक पंपांवर मिळू लागलं आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते आपल्यात मुरवून टाकतं आणि इंजिनाला पत्ताही लागत नाही. मर्यादा ओलांडली की मात्र पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळातूनच निघते. अशी गाडी आदल्या रात्रीपर्यंत उत्तम चालते आणि सकाळी हूं की चूं करत नाही. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, म्हणून डिसेंबरच्या पहाटे जुनी कार्बोरेटरची गाडी चोक मागते. इथेनॉलला सरसकट शिव्या घालायचं कारण नाही, पण जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सीलं वेळेवर बदलावीत आणि पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीवर आठवडाभर उघड्यात ठेवू नये, हे पंपावर कुणीतरी सांगायला हवं होतं. ते काम आज मिस्त्री करतात.

गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी हा या धंद्यातला खरा कस लावणारा प्रकार. दहा-बारा किलोमीटर छान चालते, मग आचके देत थांबते. वीस मिनिटांनी काहीच झालं नाही अशी चालू होते. गॅरेजात आणली की बंद पडून दाखवत नाही. इथे मिस्त्री एकच गोष्ट सांगून गिऱ्हाइकाला परत पाठवतात: ‘आता बंद पडली की किक मारू नका, आधी टाकीचं झाकण उघडा.’ झाकण उघडताना ‘फस्स’ असा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर दोष झाकणातल्या हवेच्या भोकाचा. पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा आत यावी लागते. ती आली नाही की पेट्रोलची धार बारीक होत होत थांबते. हे भोक धुळीने बुजतं, घट्ट बांधलेल्या टाकी कव्हरने झाकलं जातं. शेतात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तर एक वेगळाच प्रकार पाहिला: झाकणाखालून निघणाऱ्या रबरी नळीच्या टोकात कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं होतं. पेन्सिलीच्या शिसाएवढी जागा, तिच्यात ओल्या मातीचा बूच, वाळून दगडासारखा झालेला. कार्बोरेटर आधीच दोनदा खोलून झाला होता. मिस्त्रींनी नळी उपसली, सायकलच्या स्पोकने बूच काढला आणि काम संपलं.

झाकण उघडूनही गाडी चालू झाली नाही, प्लगही ओला आहे, तर संशय कॉइलवर किंवा मॅग्नेटशेजारच्या पल्सर कॉइलवर. आतली बारीक तार तुटायला आलेली असते. थंड असताना टोकं टेकलेली असतात, गरम होऊन पसरली की सुटतात. रस्त्यातच तपासायचं तर इग्निशन कॉइलवर ओलं फडकं ठेवून बघतात. गार होताच करंट परत आला तर चोर सापडला. मीटर असेल तर थंड आणि गरम असताना रेझिस्टन्स मोजून खात्री करता येते. मीटर आज पाचशे रुपयांच्या आत मिळतो, आणि तो नसलेलं गॅरेज आता मला अपुरं वाटतं.

तिसरं कारण टॅपेटचं, आणि ते लपून राहतं, कारण घट्ट टॅपेट वाजत नाहीत. इंजिन गप्प चालतं म्हणून मालक समाधानी असतो. पण टॅपेटची फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते. ती संपली की गरम होऊन लांबलेला व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं. किक हलकी लागते, गरम गाडी स्लोला मरते, आणि हळूहळू व्हॉल्व्ह जळतो. फट फिलर गेजने मोजायची असते आणि तीही इंजिन पूर्ण थंड असताना. गाडी सोडून जा आणि संध्याकाळी या, असं मिस्त्री म्हणतात तेव्हा त्यामागे हे कारण असतं. गिऱ्हाइकाला मात्र तो चालढकलीचा बहाणा वाटतो.

सेल्फच्या तक्रारींवर फार लिहायला नको. बटण दाबल्यावर नुसतं ‘टक’ होतं आणि इंजिन फिरत नाही, तर आधी बॅटरी. उभ्या गाडीत बारा व्होल्टची बॅटरी १२.६च्या आसपास हवी, सेल्फ मारताना ती दहाच्या फार खाली जाऊ नये आणि गाडी चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवेत. शेवटचा आकडा येत नसेल तर नवी बॅटरीही महिन्याभरात मरेल. दोष रेक्टिफायरचा किंवा मॅग्नेटमधल्या कॉइलचा. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुऊन, घासून घट्ट केली तरी पुष्कळ गाड्या सुधारतात.

चिपळूणला गेलो ते वेगळ्या कारणाने. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचं पाणी शहरात शिरलं आणि हजारो गाड्या सीटच्या वर बुडाल्या. दोन वर्षं आधी, २०१९च्या ऑगस्टमध्ये, सांगली-कोल्हापूरने हेच पाहिलं होतं. पाणी उतरल्यावर माणसं घरातला गाळ काढून आधी गाडीकडे वळली आणि बरेच जण सेल्फ मारून बसले. तिथल्या एका मिस्त्रींच्या बोलण्यात तीन-चार वर्षांनंतरही हळहळ होती. ‘गाडी बुडून मेली नव्हती हो, चालू करून मारली.’ हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडालेली गाडी सरळ उभी करून बॅटरीची वायर सोडवायची, प्लग काढायचा, मग किक हाताने हळूहळू दाबून सिलिंडरमधलं पाणी भोकातून बाहेर काढायचं. एअर फिल्टर, कार्बोरेटरची वाटी, टाकी रिकामी करायची. ऑइल उतरवलं की ते दुधाळ चहासारखं निघतं. स्वस्त ऑइल घालून, थोडा वेळ चालवून, पुन्हा उतरवायचं, आणि रंग सुधारेपर्यंत हेच. सायलेन्सरमधलं पाणी विसरायचं नाही. चिपळूणच्या गॅरेजांत त्या दिवसांत रात्रंदिवस हेच चाललं होतं, आणि ज्यांनी सेल्फला हात लावला नव्हता त्यांच्या गाड्या बऱ्याच कमी खर्चात रस्त्यावर आल्या. पुराच्या सूचना देताना ‘बुडालेली गाडी लगेच चालू करू नका’ एवढी एक सूचना सरकारी कागदात यायला हवी.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-सिक्स निकष आले आणि रोजच्या वापरातल्या गाड्यांमधूनही कार्बोरेटर जवळपास गेला. इंजेक्शन आधीही होतं; पल्सर २२० सारख्या गाडीत ते २००७ मध्येच आलं होतं. पण दूधवाल्याच्या गाडीत ते या तारखेनंतर आलं. चोक नाही, जेट नाही, पेट्रोलचा कॉक नाही. टाकीतला पंप जवळपास तीन बार दाबाने पेट्रोल पाठवतो, सेन्सर हवा आणि तापमान मोजतात, ईसीयू किती पेट्रोल सोडायचं ते ठरवतो. पुष्कळ मिस्त्री या गाडीला हात लावायला कचरले, आणि मला त्यांची भीती समजते. पण प्रश्न तेच राहिले आहेत. चावी लावल्यावर दोन-तीन सेकंद टाकीतून पंपाची ‘झुंऽऽ’ ऐकू येते का? येत नसेल तर फ्यूज, रिले, लाल बटण, मग पंप. बॅटरी दमली असेल तर किक मारूनही ही गाडी पकडत नाही, कारण पंप आणि ईसीयू बॅटरीवर जगतात. गाडी पडली असेल तर तिरकेपणाचा सेन्सर इंजिन बंद करतो आणि उचलल्यावरही ती चालू होत नाही; चावी बंद करून पुन्हा लावली की होते. हे माहीत नसल्यामुळे टेम्पोत घालून गाड्या आणल्या जातात. पेट्रोलमुळे पंप गार राहतो, म्हणून कायम रिझर्व्हवर चालवायची सवय या गाड्यांना महागात पडते.

मीटरवरचा पिवळा दिवा लुकलुकून बिघाडाचा आकडा सांगतो. अनेक होंडा गाड्यांत एक लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे बारा, आणि बारा म्हणजे इंजेक्टर. पण बारा म्हणजे इंजेक्टर बदला असं नव्हे. इंजेक्टरच्या कनेक्टरमध्ये पाणी असेल, वायर उंदराने कुरतडली असेल तरीही बाराच येतो. स्कॅनर सर्किट दाखवतो, कारण दाखवत नाही. फलटणच्या शेडमध्ये आता एक तरुण मुलगा स्कॅनर हाताळतो, तो आयटीआय करून आला आहे. आकडा वाचून झाला की तो वर बघतो आणि मिस्त्री गिऱ्हाइकाला विचारतात, ‘कवा बंद पडती?’ ही दोन्ही ज्ञानं एका शेडमध्ये नांदतात, हे मला या सगळ्या फिरण्यात दिसलेलं सर्वांत आशेचं चित्र आहे. कंपन्यांनी तपासाची माहिती आपल्या सर्व्हिस सेंटरपुरती राखून न ठेवता अशा शेडपर्यंत मराठीत पोहोचवली, तर तालुक्याच्या गावात गाडी दोन दिवस अडकून पडणार नाही.

मालकाने काय करावं, असं मी सगळीकडे विचारलं. उत्तरं फार अवघड नव्हती. गाडी महिना-दीड महिना उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवावी. २०२०च्या टाळेबंदीनंतर उघडलेल्या कार्बोरेटरांत पेट्रोल उडून मागे डिंकासारखा थर राहिलेला होता आणि त्याने सगळ्यात आधी पायलट जेट बुजवला होता. एअर फिल्टर धुळीच्या रस्त्यावर पुस्तकात दिलेल्या किलोमीटरच्या आधीच बघावा, आणि तेलकट कागदाचा असेल तर हवा मारून साफ न करता बदलावा. आणि गाडी बंद पडली की लगेच दहा किका मारण्याऐवजी क्षणभर थांबून, ती कशी बंद पडली ते लक्षात ठेवावं.

पुण्यात घरोघर पार्सल पोहोचवणाऱ्या एका मुलाची स्प्लेंडर अशीच एका गॅरेजात आली होती. एकदम गप्प होते, परत चालू होते. दुसरीकडे प्लग, कॉइल आणि सीडीआय असं सगळं बदलून झालं होतं. ‘कधी बंद पडते?’ तर म्हणाला, ‘काका, कधीही.’ मग मिस्त्रींनी त्याला कालचा दिवस रस्त्यासकट सांगायला लावला. सोसायटीच्या गेटमधून आत वळताना बंद पडली. पेट्रोल पंपावर शिरताना बंद पडली. पार्किंगमधून काढताना बंद पडली. सरळ रस्त्यावर? नाही, सरळ रस्त्यावर नाही. मिस्त्रींनी गाडी चालू केली आणि हँडल सावकाश डावीकडे नेलं. शेवटच्या चार बोटांवर इंजिन गप्प झालं. या गाड्यांत चावी बंद करणं म्हणजे सीडीआयकडे जाणारी एक वायर अर्थ करणं. हेडलाइटच्या मागे, हँडलच्या मानेपाशी, तीच वायर घासून उघडी पडली होती आणि हँडल पूर्ण वळलं की चॅसीला टेकत होती. तिला टेप गुंडाळून, थोडी ढील देऊन बांधायला पंधरा मिनिटं लागली. बदललेला प्लग, कॉइल आणि सीडीआय मुलाने फेकले नव्हते, बॅगेतच होते. मिस्त्रींनी तिन्ही एकेक करून गाडीला लावून पाहिले. तिन्ही चालत होते.